शाळेतील कुटुंब आधार केंद्र बळकट कसे करावे : कोकणातील गावांसाठी मार्गदर्शन

कुटुंब आधार केंद्र म्हणजे शाळेत किंवा शाळेला लागून असलेली अशी जागा, जिथे मुलाच्या शिक्षणाशी थेट वा आडवळणाने जोडलेली घरची कोणतीही अडचण घेऊन पालकाला येता येते आणि ती सुटेपर्यंत कोणीतरी त्याच्या सोबत राहते. अमेरिकेतील केंटकी राज्याने १९९० च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून अशी केंद्रे शाळांशी जोडून सुरू केली. ज्या शाळेत निदान २० टक्के मुले मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र असतील, त्या शाळेला केंद्र मिळावे, असा तेथील निकष होता. उपाशी, आजारी किंवा घरच्या ताणाने गांजलेल्या मुलाला केवळ चांगले शिकवून भागत नाही, हे त्या कायद्याने मान्य केले. आपल्या कोणत्याही शिक्षकाला ही गोष्ट नव्याने सांगावी लागणार नाही.

कोकणात असे केंद्र उभारताना शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज अंगणवाडी सेविका व मदतनीस वाडीवाडीत आहेत. आशा सेविका घरोघरी जाते. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे महिला बचतगट आणि त्यांचे ग्रामसंघ आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती आहे, जिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शिवाय अनेक वाड्यांची स्वतःची मुंबई मंडळे, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटना, आहेत. यांतील प्रत्येक जण आपापले काम करतो. मात्र एका कुटुंबाची अडचण बहुधा यांपैकी तिघा-चौघांच्या कामात विभागलेली असते. अर्ज कोठे करायचा हे सांगणारे पालकाला अनेक भेटतात, पण तो अर्ज मंजूर झाला का, हे महिनाभराने विचारणारे कोणी भेटत नाही. केंद्राचे सारे बळ या पाठपुराव्यात आहे. पुढील प्रत्येक सूचना, ती खोलीबद्दल असो, माणसाबद्दल असो वा पैशाबद्दल, याच एका कसोटीवर पारखून घ्यावी : हाती घेतलेले काम तडीस जाण्यास तिची मदत होते का?

आधी वाड्यांत जावे

कोकणातील गाव एका ठिकाणी वसलेले नसते. एकाच महसुली गावात खाडीकाठची कोळीवाडी, मधली कुणबीवाडी, सड्यावरची धनगरवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला आणि रायगडच्या बाजूला बहुधा गावाच्या कडेला असलेली कातकरवाडी, अशी वस्ती काही किलोमीटरवर पसरलेली असते, आणि शाळा यांतील एखाद्याच वाडीला जवळ पडते. त्यामुळे शाळेत पालकसभा बोलावून अडचणी विचारल्या, तर शाळेजवळच्या वाडीच्या अडचणी कळतात आणि त्याच साऱ्या गावाच्या आहेत असे धरले जाते. केंद्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वाडीत जाऊन बसावे. सोबत आशा सेविका असावी, कारण कोणत्या घराचे दार कोणत्या वेळी उघडे असते हे तिला ठाऊक असते.

अशा भेटीत छापील फॉर्म पुढे करू नये. फॉर्म दिसला की पालकाला वाटते की कसली तरी यादी होत आहे, आणि तो यादीला शोभेल असेच उत्तर देतो. तीन प्रश्न पुरेसे असतात. गेल्या वर्षभरात मुलासाठीचे कोणते काम अडून राहिले? ते करून घेण्यासाठी कोठे गेलात आणि तेथे काय झाले? घरातील कोणाला, कोणत्या वेळी शाळेत येणे जमेल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे विशेष लक्ष द्यावे. कुटुंब कोठपर्यंत पोहोचून माघारी फिरले, हे त्यातून कळते, आणि केंद्राला आपले काम नेमके तेथूनच सुरू करायचे असते.

गावाच्या मतदारयादीत आणि शिधापत्रिकांत नसलेली कुटुंबेही या फेरीत धरलीच पाहिजेत. देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागांत राखणीसाठी राहणारी नेपाळी कुटुंबे, मोठ्या बंदरांवरच्या बोटींवर काम करणाऱ्या परप्रांतीय खलाशांची कुटुंबे आणि चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेले मजूर, या सर्वांची मुले शाळेच्या हाकेच्या अंतरावर असूनही शाळेत नसू शकतात. त्यांच्यासाठी शिक्षण हक्क कायद्यातील दोन तरतुदी केंद्रातील प्रत्येकाला तोंडपाठ असाव्यात : कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश देऊन मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. दाखला नंतर मिळवता येतो; मूल आज वर्गात बसले पाहिजे.

जागा आणि परवानगी

पटसंख्या घटल्यामुळे कोकणातील अनेक जिल्हा परिषद शाळांत एखादी वर्गखोली रिकामी असते. ती मिळाल्यास उत्तम. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रीतसर ठराव करावा, त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत (म्हणजे परिसरातील शाळांच्या समूहावर देखरेख करणाऱ्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यामार्फत) गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून लेखी परवानगी घ्यावी, आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेतही ठराव करून घ्यावा. तोंडी संमतीवर विसंबून राहू नये. मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी संमती त्यांच्यासोबत जाते.

खोली नसेल तेव्हा देवळाची धर्मशाळा किंवा एखाद्या समाजाचे सभागृह सहज देऊ केले जाते. देणाऱ्याची भावना चांगली असली तरी ही जागा नम्रपणे नाकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. देवळाच्या आवारात मोहल्ल्यातील आई येणार नाही, आणि एका समाजाच्या सभागृहात दुसऱ्या वाडीची बाई आपल्या घरातील गोष्ट सांगायला बसणार नाही. शाळेच्या पायरीवर मात्र सगळ्यांचा सारखा हक्क असतो. शाळेत खोली नसल्यास व्हरांड्याचा एक भाग बंदिस्त करून घ्यावा, किंवा शाळेच्या आवारातील अंगणवाडीत दुपारनंतर बसावे. खोलीत बसण्यासाठी चटई, कुलूप लागणारे कपाट, लहान मुलांच्या खेळाचा कोपरा आणि बाहेर ऐकू न जाता बोलता येईल असा एक आडोसा, एवढ्याची गरज आहे. यातील कुलूप आणि आडोसा या दोन गोष्टींत तडजोड करू नये.

केंद्र सांभाळणारी व्यक्ती

केंद्राचे यशापयश सर्वाधिक या निवडीवर अवलंबून असते. शिक्षकावर ही जबाबदारी टाकू नये. दोनशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता एकत्र शिकवणाऱ्या माणसाकडून आणखी एका कामाची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि मुलांवरही. अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याकडे नोंदींचे ओझे आधीच पुष्कळ असते. त्यांची साथ घ्यावी, पण केंद्राची किल्ली वेगळ्या व्यक्तीकडे असावी.

ही समन्वयक शक्यतो गावातीलच, बारावीपर्यंत शिकलेली, एसटीने एकटीने तालुक्याला जाऊन येण्याची सवय असलेली स्त्री असावी. ‘उमेद’च्या समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून किंवा बचतगटाच्या लेखापाल म्हणून काम केलेल्या स्त्रिया या कामात लवकर रुळतात, कारण बँकेत आणि पंचायत समितीत कसे बोलावे हे त्यांना अनुभवाने आलेले असते. शिक्षणापेक्षाही दोन गुण पारखावेत. ऐकलेली गोष्ट ती पाणवठ्यावर बोलत नाही ना? आणि कार्यालयात ‘उद्या या’ असे सांगितले गेले, तर ती उद्या खरोखरच जाते का? तिला मानधन दिलेच पाहिजे, मग ते थोडे का असेना. विनामूल्य सेवेवर उभे केलेले केंद्र भातलावणीच्या दिवसांत बंद पडते, आणि त्याचा दोष त्या बाईला देता येत नाही.

समन्वयकाच्या पाठीशी पाच ते सात पालकांचा एक गट असावा. त्यात प्रत्येक वाडीचे कोणीतरी असावे आणि बहुसंख्या मातांची असावी. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात ठिकठिकाणी माता पालक गट तयार झाले. असा गट तुमच्या शाळेत असेल तर नवा गट न काढता त्याच्याकडेच हे काम द्यावे. मात्र या गटाला केवळ हजेरीसाठी बोलावू नये. केंद्र कोणत्या वेळी उघडायचे, या महिन्यात कोणत्या कामाला प्राधान्य द्यायचे, समन्वयकाचे काम समाधानकारक आहे का, हे निर्णय या गटाने घ्यावेत आणि शाळा व्यवस्थापन समितीने ते मान्य करावेत. जिथे पालक फक्त लाभार्थी असतात तिथे पहिल्या उत्साहानंतर खोली ओस पडत जाते.

नोंदवही आणि पाठपुरावा

केंद्रात एक जाड नोंदवही ठेवावी. प्रत्येक प्रकरणाला एक पान द्यावे. त्यावर कुटुंबाचा क्रमांक, अडलेले काम, पुढची पायरी, ती कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार, आणि शेवटी काय झाले, एवढेच लिहावे. कुटुंबाचे नाव व क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या वहीत, कुलपात ठेवावी. दर आठवड्याला एक ठरलेला वार पाठपुराव्याचा असावा; त्या दिवशी नवे काम न घेता फक्त उघडी पाने पाहावीत. पान बंद करण्याचा अधिकार समन्वयकाला असू नये. पालकाने ‘काम झाले’ असे सांगून सही किंवा अंगठा दिल्यावरच पान बंद व्हावे.

कामे कोणत्या प्रकारची येतात, हे ठाऊक असले तर तयारी करता येते. सर्वांत जास्त येतात ती दाखल्यांची. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, त्यानंतर वर्षभरापर्यंत सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने होते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. घरी झालेल्या किंवा स्थलांतराच्या काळात दुसरीकडे झालेल्या बाळंतपणांत ही मुदत हमखास टळते. म्हणून आशा सेविकेकडून दर महिन्याला नव्या बाळांची माहिती घेऊन पहिल्या २१ दिवसांतच नोंद झाल्याची खात्री करणे, हे पुढची पाच वर्षे वाचवणारे काम आहे.

जातीच्या दाखल्याचे काम अधिक किचकट असते, आणि येथे शाळेसारखा दुसरा मित्र नाही. कुटुंबाची जात व वास्तव्य सिद्ध करण्यासाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा मागितला जातो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. कोकणातील कितीतरी प्राथमिक शाळा शंभर वर्षांहून जुन्या आहेत आणि त्यांच्या कपाटांत त्या काळची जनरल रजिस्टरे, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, आजही आहेत. मुंबईच्या कार्यालयांत हेलपाटे घालणाऱ्या माणसाच्या आजोबांची नोंद त्याच्या मुलाच्या शाळेतच सापडू शकते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने या रजिस्टरांतील नावे गाव, वाडी आणि वर्षाप्रमाणे एका सूचीत उतरवून घ्यावीत. कागद ठिसूळ झाला असेल तर पाने न हाताळता त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. एका उन्हाळी सुट्टीत दोन-तीन कॉलेजच्या मुलांकडून होणारे हे काम साऱ्या पंचक्रोशीला उपयोगी पडते. कातकरी कुटुंबांत मात्र आजोबा शाळेतच गेलेले नसतात. त्यांच्यासाठी महसूल खात्याच्या स्थानिक चौकशीचा आणि शिबिरांचा आग्रह धरावा लागतो. अशा वेळी एकेका अर्जाऐवजी वाडीचे सर्व अर्ज एकत्र घेऊन तहसीलदारांना भेटावे.

अर्ज दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे, आणि ती उलटल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पोचपावतीवरची तारीख नोंदवहीत उतरली की पाठपुराव्याला आधार मिळतो. तोंडी चौकशी करणाऱ्याला ‘बघतो’ म्हणून परत पाठवले जाते. तारीख दाखवणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

सर्वांत जड पान असते ते घरचा कर्ता गेल्याचे. किनाऱ्यावर हे पान दुर्दैवाने अधूनमधून उघडावेच लागते. अशा घरी पहिल्या दिवसांत योजनांची यादी घेऊन जाऊ नये. मुले शाळेत येत आहेत का, घरात शिधा आहे का, एवढेच पाहावे. त्यानंतर क्रमाने पावले टाकावीत. आधी मृत्यूची नोंद, कारण पुढील प्रत्येक अर्जाला तो दाखला लागतो. मग दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतील एकरकमी २०,००० रुपये, आईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा तहसील कार्यालयातील अर्ज, आणि मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, ज्यात प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि ज्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत बालकल्याण समितीपुढे जावे लागते. मच्छीमाराचा अपघाती मृत्यू असल्यास मच्छीमार सहकारी संस्थेकडे जाऊन त्याचे गट अपघात विम्यात नाव होते का, हे तपासावे आणि दावा मुदतीत दाखल करावा. माणूस समुद्रात बेपत्ता झाला आणि देह सापडला नाही, तर मृत्यूचा दाखला लगेच मिळत नाही; सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू कायदा गृहीत धरतो, पण तेवढा काळ घर कसे चालावे? अशा वेळी पोलिसांतील बेपत्ता नोंद, मत्स्यव्यवसाय विभागाला दिलेली खबर आणि बोटीवरील सहकाऱ्यांचे जबाब पहिल्याच आठवड्यात कागदावर आणावेत आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत पालकांना वाटते की शाळेत नाव घातले म्हणजे झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे. त्यात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि सिकलसेल यांचाही समावेश होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी ज्या मुलांना पुढे पाठवायचे ठरते, त्यांची नावे समन्वयकाने त्याच दिवशी नोंदवहीत घ्यावीत. जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास, त्या दिवसाची बुडणारी मजुरी आणि तेथे कोणत्या खिडकीवर उभे राहायचे याची धास्ती, या तीन कारणांनी मुले तपासणीनंतर घरीच राहतात. दोन-तीन कुटुंबांनी एकत्र, समन्वयकासोबत जाण्याची व्यवस्था केली की तिन्ही कारणे एकदमच हलकी होतात.

हंगामाप्रमाणे काम

किनाऱ्यावरच्या गावाचे वर्ष शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, आणि केंद्राने गावाच्या वर्षाशी जुळवून घ्यावे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. एरवी ज्यांची भेट होत नाही ते वडील या दोन महिन्यांत घरी असतात. वडिलांची सही लागणारी कामे, बँकेची आणि आधारची कामे, तसेच त्यांच्याशी मुलाच्या अभ्यासाबद्दल निवांतपणे बोलणे, हे सारे याच काळात उरकावे. शेतकरी कुटुंबांसाठी मात्र हेच दिवस लावणीचे असतात, म्हणून त्यांच्या बैठका तेव्हा ठेवू नयेत. बंदरावरच्या स्त्रिया मासळीच्या लिलावाच्या वेळी येऊ शकत नाहीत. हर्णैसारख्या ठिकाणी लिलाव संध्याकाळीही भरतो, त्यामुळे तेथे केंद्राची वेळ दुपारची हवी. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या आयांसाठी आठवड्यातील एक संध्याकाळ किंवा त्यांच्या सुट्टीचा दिवस राखून ठेवावा.

गणपतीत चाकरमानी गावी येतात. मुंबईत राहणारे वडील, काका आणि मंडळाचे पदाधिकारी वर्षात क्वचितच एकत्र भेटतात, ते या दिवसांत आणि पुढे शिमग्यात भेटतात. आरतीच्या गडबडीत बैठक न लावता विसर्जनानंतरचा एखादा दिवस ठरवावा आणि त्या बैठकीत हिशेब व बंद झालेल्या पानांची संख्या मांडावी.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. ती निघण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरमध्येच, प्रत्येक कुटुंबाला भेटून कोठे जाणार, किती मुले सोबत नेणार, हे विचारावे. मूल सोबत जाणार असेल तर दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचे शिक्षण हमी कार्ड शाळेकडून घेऊन द्यावे आणि जेथे जात आहे तेथील शाळेला दूरध्वनीवरून कळवावे. आजीजवळ मूल मागे राहणार असेल तर त्या आजीच्या घरी दर पंधरवड्याला चक्कर असावी. भट्टीवर गेल्यावर मूल शोधणे फार कठीण जाते, म्हणून या कामात आठवड्याचाही उशीर परवडत नाही.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात करावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील घरांची छपरे उडवली, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधील घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी घरातील कागदांचा लगदा होतो आणि नुकसानभरपाईसाठी तेच कागद मागितले जातात. प्रत्येक कुटुंबाला चांगली जाड प्लास्टिकची पिशवी द्यावी, कागद त्यात घालून वर टांगून ठेवण्यास सांगावे, आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांना डिजिलॉकर उघडून द्यावे. कागदांच्या प्रती केंद्रात ठेवायच्या असल्या तर पालकाची लेखी संमती घ्यावी, आणि त्या कोणाच्याही खाजगी मोबाइलमध्ये राहू देऊ नयेत.

खोलीत रोज काय चालावे

दाखले आणि अर्ज एवढ्यासाठीच खोली उघडली, तर अडचणीत असलेला माणूसच तेथे येईल आणि हळूहळू तेथे जाणे कमीपणाचे वाटू लागेल. म्हणून खोलीत रोजचा जिवंत वावर हवा. अंगणवाडीतील मुले व त्यांच्या आया-आज्यांसाठी आठवड्यातून दोनदा खेळाची वेळ ठेवावी. शाळेच्या ग्रंथालयातील चित्रांची पुस्तके घरी नेता यावीत. आजीने मालवणीत किंवा संगमेश्वरीत सांगितलेली गोष्ट मुलाने प्रमाण मराठीत लिहून आणणे, चिंचोके आणि शिंपल्यांवर बेरीज-वजाबाकी करणे, अशा गोष्टींतून पालकाला उमजते की मुलाच्या अभ्यासात आपल्यालाही काही देता येते. न शिकलेल्या आईला हे उमजणे फार मोलाचे आहे. व्याख्याने कमी ठेवावीत. बाहेरून तज्ज्ञ आलाच तर त्याने सगळ्यांसमोर बोलण्यापेक्षा आडोशाला बसून एकेका आईचे ऐकावे. मोहल्ल्यातील मुले उर्दू शाळेत जात असली तरी त्यांच्या आयांसाठी केंद्र खुले आहे, हे स्वतः जाऊन सांगावे.

जी प्रकरणे गावात मिटवायची नसतात

विश्वास बसला की खोलीत दारूच्या, मारहाणीच्या आणि कधी त्याहून भयंकर गोष्टीही येतात. येथे नियम स्पष्ट असावेत आणि समन्वयकाला ते पहिल्याच आठवड्यात शिकवावेत. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास, २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावकी, भावकी किंवा वाडीची बैठक यांना हे प्रकरण मिटवण्याचा अधिकार नाही, आणि तसा दबाव आला तर केंद्राने ठामपणे मुलाच्या बाजूने उभे राहावे. १०९८ ही मुलांसाठीची आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. घरातील मारहाणीसाठी २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व कार्यालय आधीच शोधून ठेवावे. बालविवाह ठरत असल्याचे कळल्यास ग्रामसेवक हेच गावासाठीचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना लेखी कळवावे आणि लगेच त्या मुलीच्या शाळेतील पुढच्या वर्षाची व्यवस्था करावी. दहावीनंतरचे कॉलेज दूर असणे आणि संध्याकाळची एसटी नसणे ही लग्न लवकर ठरण्यामागची खरी कारणे पुष्कळदा असतात. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण गाडीच नसेल तर पास काय करणार? आगार व्यवस्थापकांकडे गाडीच्या वेळेसाठी केलेला पाठपुरावा हेही केंद्राचेच काम आहे. व्यसन, नैराश्य किंवा घरातील आत्महत्येचा विचार यांसाठी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येते. पहिला फोन केंद्रातील आडोशातून, समन्वयक शेजारी असताना करून द्यावा.

पैसा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणे अपेक्षित आहे. ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत केंद्राचा खर्च मांडून तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्यावा. आराखडा ठरल्यानंतर मागायला जाण्यात अर्थ नसतो. समन्वयकाचे मानधन या मार्गाने सुटले नाही, तर मुंबई मंडळाला नेमके तेवढेच मागावे : ‘एका वर्षाचे मानधन’. मंडळे इमारतीला, कमानीला आणि रंगरंगोटीला आनंदाने पैसे देतात, कारण ते डोळ्यांना दिसते. त्यांना बंद झालेली पाने दाखवली, अमुक इतक्या मुलांचे दाखले निघाले, अमुक इतकी मुले भट्टीवरून परत येऊन परीक्षेला बसली हे सांगितले, तर मानधनालाही ते देतात. नावे मात्र कोणाचीही सांगू नयेत. जमाखर्च दर महिन्याला दाराबाहेर लावावा.

बदल्या आणि हस्तांतरण

शिक्षकांच्या बदल्या होतात, समन्वयक लग्न होऊन किंवा नोकरी लागून जाते, समितीची मुदत संपते. यांतील एक गोष्ट दर वर्षी घडणारच, असे धरून चालावे. पालक गटातील एका आईने पहिल्या दिवसापासून समन्वयकासोबत आठवड्यातून एकदा बसावे आणि महिन्यातून एकदा तरी तिच्याबरोबर तालुक्याला जावे, म्हणजे बदली माणूस गावातच तयार असतो. कार्यालयांतील ज्या अधिकाऱ्यांकडे कामे चालू आहेत त्यांची यादी, परवानगीची पत्रे, रजिस्टरांची सूची आणि किल्ल्या यांचे हस्तांतरण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी व्हावे. जाणाऱ्या समन्वयकाने उघड्या पानांतील प्रत्येक कुटुंबाच्या घरी नव्या समन्वयकाला सोबत घेऊन जावे, ‘आता तुमचे काम ही पाहील’ असे त्या कुटुंबासमोर सांगावे, आणि पुढच्या पायरीची तारीख तेथेच, दोघींच्या सहीने, पानावर लिहावी.